वास मारणाऱ्या झाडाचं नाव

आमच्या घरी त्या काळात दोन्ही वेळा पेज असायची. सकाळची घट्ट, कारण कामाला जायचं असायचं. रात्रीची पातळ, कारण त्यानंतर झोपायचंच असायचं. सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा, तो भाजून, कारण भाजल्यावर त्याच्या वासावर चार घास जास्त जातात. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मिठबावच्या अलीकडे आमची वाडी, तिथे बहुतेक घरांत हेच होतं. फरक एवढाच की इतरांकडे ते पिढ्यान्‌पिढ्या होतं आणि आमच्याकडे वडिलांचं काम गेल्यावर आलं.

वडील शिडाच्या मालवाहू गलबतावर खलाशी होते. गलबतातून कौलं जायची, मीठ जायचं, पण जास्त करून सुकी मासळी आणि माशाच्या तेलाचे डबे. रस्ते झाले, ट्रक आले, आणि मालकाने गलबत किनाऱ्यावर ओढून ठेवलं ते पुन्हा पाण्यात घातलंच नाही. वडील घरी आले ते मजबूत खांदे घेऊन. वास मात्र त्यांना येईनासा झाला होता. मासळीच्या तेलात इतकी वर्षं झोपल्यावर नाकाने काम सोडून दिलं असावं. फणस पिकला की नाही हे ते बोटाने दाबून बघत. उरलेल्या घराला ते अंगणातूनच कळत असे.

मग त्यांनी जळाऊ लाकडाचा धंदा धरला. कोणाच्या जागेतलं उभं झाड विकत घ्यायचं, तोडायचं, फोडायचं, सुकवायचं आणि लग्नाला, बारशाला, जत्रेच्या जेवणाला बैलगाडीने पोचवायचं. त्यात त्यांचं नाव झालं. ऐनाचं लाकूड कुठे, किंजळीचं कुठे, भाताखाली कसला जाळ हवा आणि खोबऱ्याच्या वाटपाच्या आमटीखाली कसला, हे ते न विचारता ठरवत. दोन-तीन वर्षं आमची रात्रीची पेजही घट्ट झाली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या बाजूला हापूसच्या कलमांचं वेड नुकतंच जोरात आलं होतं. ज्याच्याकडे म्हणून उताराची जमीन, तो जंगल साफ करून खड्डे मारत होता. गावच्या देवाच्या राईला लागून एक उतार होता, त्याचा मालक मुंबईत नोकरीला. तो गणपतीत आला, वडिलांना म्हणाला, ह्यातली सगळी झाडं तुझी, मला जागा मोकळी करून दे. वडिलांनी झाडं घेतली. मालक मुंबईला गेला.

आता राई म्हणजे काय, ते सांगायला हवं. देवाच्या मालकीचं जंगल. त्यातली काडी बाहेर न्यायची नाही. फांदी मोडून पडली तरी ती तिथेच कुजते. देवळाच्या वाशासाठीसुद्धा देवाचा कौल घेतल्याशिवाय कोणी कोयती लावत नाही. त्यामुळे राईत अशी झाडं होती की जी गावात दुसरीकडे कुठे राहिली नव्हती, आणि जी कोणी तोडलीच नव्हती म्हणून त्यांना कोणी नावही दिलं नव्हतं. आमच्याकडे झाडाला नाव कामावरून पडतं. ज्याचं काम नाही ते नुसतं झाड.

त्या उतारावर अशा एका बिननावाच्या झाडाचं एक पोर उगवून मोठं झालेलं होतं. पाखरांनी बी टाकलं असणार. दिवाळीनंतर वडिलांनी ते इतर झाडांबरोबर तोडलं. एकट्याने तोडलं, एकट्याने फोडलं. कसलाच वास त्यांना आला नाही.

गावच्या मोठ्या मानकऱ्यांच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात घाईने ठरलं. लाकूड वडिलांनी द्यायचं, हे तर ठरलेलंच. अर्धवट सुकलेला माल त्यांनी गाडीत भरला आणि पाठवला. गाडीवाल्याला वाटेत वास आला, पण त्याला वाटलं आपल्या बैलाचं पोट बिघडलंय. त्याने मानकऱ्यांच्या खळ्यात लाकूड उतरवलं, घरी जाऊन बैलाला ओवा चारला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नघरात घाण यायला लागली. साधीसुधी नव्हे. माणसाची असते तशी. आधी गोठा धुतला. मग लहान पोरांना एकेक करून उचलून बघितलं. मग प्रत्येकाने आपापली चप्पल बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. मालवणच्या बाजूचं वऱ्हाड उतरलं, त्यातल्या एका म्हाताऱ्याने मांडवात टेकता टेकता विचारलं, “तुमच्याकडे खाडी जवळ आसा काय वो?”

“नाय. खाडी लांब आसा.”

“मगे काय जवळ आसा?”



आचाऱ्याने चुलीसाठी खणलेल्या चरात लाकूड घातलं, पेटवलं, आणि तो चुलीपासून उठून सरळ विहिरीवर गेला. तेव्हा कळलं. ओंडक्यांच्या ढिगात एक डहाळी पानांसकट अडकलेली होती. देवळाचे गुरव ती हातात घेऊन म्हणाले, “ह्या पान रायीतला.” झाडं खूप असतील, पण तीन ठळक शिरांचं, एका बाजूला वाकडं बसलेलं ते पान त्यांनी रोज देवळात जाता-येता बघितलं होतं. त्यांचं म्हणणं पानापुरतं खरं होतं. बाकीचं गावाने पुरं केलं. राईतलं झाड चोरून तोडलं, देव रागावला, आणि लाकूड घाण मारायला लागलं.

भात दुपार टळल्यावर शिजला. शेजारच्या गावातून लाकूड आणावं लागलं. वऱ्हाड उपाशी बसलं आणि खाडीविषयी बोलत राहिलं.

वडिलांनी सांगितलं, झाड उतारावरचं आहे. चला, थोटूक दाखवतो. सगळे गेले. तिथे कलमांचे खड्डे मारून झाले होते आणि सगळी थोटकं मुळासकट जाळलेली होती. मुंबईच्या मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, मी झाडं विकली, त्यातलं कुठलं कसलं ते मला काय ठाऊक. तेही खरंच होतं.

शेवटी देवाला कौल लावला. आमच्याकडे पाषाणाला ओल्या हाताने दोन बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ‘ह्या माणसाने तुझ्या राईत कोयती लावली काय?’ असा प्रश्न घातला. सगळे बघत राहिले. दोन्ही कळ्या एकदमच पडल्या.

गुरव म्हणाले, पुन्हा लावू. मानकरी म्हणाले, “नको. देवाक बोलूचा नाय आसा. आमी कशाक जबरदस्ती करूची?”

देव बोलला नाही आणि त्या दिवसापासून गावही बोलेनासं झालं. आमच्या गावात भांडणं फार होत नाहीत. बोलणं बंद होतं. वडिलांकडून लाकूड कोणी घेईना. जत्रेनंतर देवाच्या नारळाचं शकल घरोघर यायचं, ते आमचं घर वगळून पुढच्या घरी जाऊ लागलं. आई कातळावरचं गवत कापायला जाऊ लागली. रात्रीची पेज परत पातळ झाली. ह्या सगळ्यापेक्षा वडिलांना एकच गोष्ट लागली होती. ते रोज कधीतरी म्हणत, “मी रायीत पाय ठेवूक नाय गो.” आई म्हणे, “माका म्हायत आसा.” मग ते म्हणत, “तुका म्हायत आसान काय उपयोग?”

मी तेव्हा बारावी झाले होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. दहावीलाही माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. सावंतवाडीला मामा होता, लाकडी खेळण्यांना रंग द्यायचं काम करायचा. त्याने सांगितलं, पोरीला पाठव, राहील आमच्यात. आई म्हणाली, “चेडू इतक्या शिकान काय करतला?”

वडील म्हणाले, “हंय रवान काय करतला? गावाच्या तोंडाकडे बगत बसतला?”

गेले. मी वनस्पतिशास्त्र घेतलं. लोक विचारत, डॉक्टरकीला का नाही? तेवढे मार्क नव्हते, हे एक कारण. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. मला एका झाडाचं नाव हवं होतं. हसले असते लोक. आता हसले तर हसोत.

ती डहाळी गुरवांच्या हातातून पडली तेव्हा तिचं एक पान मी उचललं होतं. ते भूगोलाच्या पुस्तकात दाबून ठेवलेलं होतं. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला आपल्या गावचं एक झाड निवडून त्याच्यावर काम करायचं होतं: वाळवलेला नमुना, वर्णन, लाकडाचा तुकडा, उपयोग. आंबा, काजू, कोकम, उंडल ही झाडं बाकीच्यांनी तासाभरात वाटून घेतली. मी सरांसमोर ते पान ठेवलं.

“हे कुठलं?”

“आमच्या गावचं, सर.”

“गावात काय म्हणतात?”

“काही म्हणत नाहीत, सर.”

“असं कसं? काहीतरी म्हणत असतील.”

“त्याच्याविषयी बोलत नाहीत.”

सरांनी पान उजेडात धरलं. देठाकडून निघालेल्या तीन शिरा बघितल्या, तळाची वाकडी बाजू बघितली. मग एकदम म्हणाले, “लाकडाला वास येतो?”

“येतो, सर.”

“कसला?”

मागे सगळा वर्ग बसला होता. “वाईट, सर.”

“वाईट म्हणजे? शास्त्रात वाईट असं काही नसतं. कशासारखा?”

“शेणासारखा... नाही सर. शेणाचा परवडला.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जुना इंग्रजी ग्रंथ काढला, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून पुस्तक माझ्याकडे फिरवलं. त्यात लिहिलं होतं की ह्या झाडाचं लाकूड तोडल्यावर त्याला मैल्यासारखी घाण येते. ते वाक्य मी आधी उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. मग शब्दकोश घेऊन वाचलं, न जाणो माझं इंग्रजी चुकत असेल.

“सेल्टिस म्हणतात ह्या कुळाला,” सर म्हणाले. “इंग्रजीत हॅकबेरी. जगभर आहेत ह्याचे भाऊबंद. पण नुसत्या पानावर मी नाव लिहून देणार नाही. फळासकट फांदी आण. आणि लाकूड.”

त्या भाऊबंदांची माहिती मी काही तेव्हा, काही पुढच्या वर्षांत वाचली. हे कूळ मोठं आहे आणि बरं चाललेलं आहे. अमेरिकेत हॅकबेरी रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावतात, त्याची वाटाण्याएवढी फळं गोड असतात, थंडीभर पाखरं त्यावर जगतात. युरोपच्या दक्षिणेला त्याच्या चिवट लाकडाचे चाबकाचे दांडे करायचे. फ्रान्सच्या एका भागात तर फांद्या लहान असतानाच वळवून, छाटून झाडावरच गवत उचलायचं पंजाळं वाढवायचे, म्हणजे तोडलं की अवजार तयार. जपानात जुन्या रस्त्यांवर कोसाकोसाला मातीचे उंचवटे करून त्यांवर ह्याची झाडं लावत, वाटसरूला अंतर कळावं म्हणून. आणि तिथल्या राष्ट्रीय फुलपाखराच्या अळ्या हीच पानं खाऊन मोठ्या होतात. हिमालयाच्या बाजूला बायका ह्याचा पाला गुरांना घालतात. कोरियात कितीतरी गावांच्या वेशीवर ह्याचं जुनं झाड असतं, त्याला दोर बांधतात, वर्षातून एकदा त्याच्यापुढे जेवण मांडतात, आणि त्याला कोयती लावायला कोणी धजत नाही. हे वाचून मला कोरिया परका वाटेनासा झाला.

दक्षिण आफ्रिकेत एका जातीचं नावच गोऱ्यांनी ‘घाण लाकूड’ असं ठेवलंय. आणि आमची जी जात, ती सिलोनात आहे, जावात आहे, तिथून पुढच्या बेटांवर आहे. जावातल्या लोकांनी तिला जे नाव दिलंय त्याचा अर्थ मी इथे लिहीत नाही. वाचकांनी ओळखला असेल. म्हणजे एवढ्या सगळ्या देशांत त्या लाकडाला वास येत होता, आणि एवढ्या सगळ्या देशांतल्या देवांना माझ्या वडिलांशी काही देणंघेणं नव्हतं.

पौषात सुट्टीला घरी गेले आणि वडिलांना सांगितलं. ते अंगणात कोयतीला धार लावत होते. लाकूड कोणी घेत नसलं तरी धार लावणं त्यांनी सोडलं नव्हतं.

“पुस्तकात आसा?”

“आसा, बाबा.”

“पुस्तक कोणी लिवल्यान?”

“सायबान. इंग्रजान.”

“तो आमच्या गावात इल्लो?”

“नाय.”

“मगे गाव कसो ऐकतलो?” असं म्हणून त्यांनी धार अंगठ्यावर तपासली. “पुस्तक माका दाखवलंस, बरा वाटला. पण घाण आयली ती हंयच्या नाकांका. तेंकाच परत येऊक होयी.”

बोलणं बिनतोड होतं. मी मानकऱ्यांकडे जायचं ठरवलं. वडील म्हणाले, मी येत नाही. मग शर्ट घालून आले.

मानकरी पडवीत सुपारी कातरत बसले होते. वडिलांकडे त्यांनी बघितलं नाही, पण बसा असं दोघांना मिळून होईल इतपत हात हलवला.

“काय गो चेडवा, सावंतवाडीक काय शिकतंस?”

“झाडां.”

“झाडां? ती हंय नाय आसत?”

“हंय आसत. नावां थंय आसत.”

त्यांनी अडकित्ता थांबवला. “मगे हंय कित्याक इलंस?”

“रायीतल्या एका झाडाची खांदी होयी. फळा आसलेली. आणि लाकडाचो एक तुकडो. परीक्षेक.”

“देवाच्या झाडाची परीक्षा?”

“माझी.”

“आणि खंयचा झाड?” त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

“तुमच्या चेडवाच्या लग्नातला.”

पडवीत आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. दाराआड मानकऱ्यांची बायको ऐकत होती. मानकरी वडिलांकडे पहिल्यांदा वळले. “तुयाच चेडवाक शिकवन पाठवलंस मा?”

वडील म्हणाले, “तिका माजा आयकाची सवय असती तर ती सावंतवाडीक गेली नसती.”

मी म्हटलं, “काका, मी चोरून तोडूक नाय. इचारतंय. देव नाय म्हणालो तर परत जातंय.”

दारामागून बाईंचा आवाज आला, “लावा मा कौल. देवाक इचारूक काय पैसे पडतत?” त्यांच्या मुलीला सासरी अजून खाडीवरून टोमणे बसत होते, हे मला नंतर कळलं. त्यांनाही उत्तर हवं होतं.

सोमवारी देवळात कौल ठरला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांचं देवळाशी काही काम नव्हतं तेही आले. मानकरी हात जोडून पाषाणासमोर उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान परगावाक जावन इद्या शिकूक घेतल्यान हा. तुज्या रायीतल्या एका झाडाची खांदी आणि लाकडाचो तुकडो तेका होयो आसा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“पयली काय चुकीमाकी कोणाकडसून झाली आसात, नसात, ती तुका म्हायत म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” माझे वडील सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

“देवचा आसात तर उजवो कौल दी, आणि नाय देवचा आसात तर डावो दी, पण ह्या खेपेक दोनय एकदम देव नको म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

गुरवांनी कळ्या चिकटवल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. डावी कळी जरा घसरली आणि थांबली. कोणीतरी खोकलं आणि त्याच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की तो देवळाबाहेर गेला. मी परीक्षेचा विचार करत नव्हते. वडील पाषाणाकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मग उजवी कळी सुटली आणि खाली पडली.

राईत बाईमाणसाने आत जायचं नाही अशी रीत. मी दगडाच्या गडग्याबाहेर उभी राहिले. वडिलांना आत जायला कोणी अडवलं नसतं, पण ते आपणहून माझ्या शेजारी थांबले. तोडायचं कोणी, हा प्रश्न आला. गुरव म्हणाले मी तोडतो. मी म्हटलं, मानकऱ्यांनीच तोडावं. का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. नंतर कोणी म्हणू नये की खांदी भलत्याच झाडाची होती.

झाड गडग्यापासून दहा-बारा हातांवरच होतं. बुंधा फिकट करडा, पानं काळपट हिरवी, आणि डहाळीला नारिंगी होत आलेली बारकी टोकदार फळं. मानकऱ्यांनी आधी एक कोवळी डहाळी तोडली आणि गुरवांनी ती पानात गुंडाळून माझ्याकडे दिली. मग मानकऱ्यांनी धोतर खोचलं, मनगटाएवढ्या फांदीवर कोयती टाकली. एक घाव. दुसरा घाव. तिसरा घाव टाकायला हात वर नेला तो तिथेच राहिला.

त्यांनी सावकाश मान वळवून गुरवांकडे बघितलं. “मेल्या, तू काय केलंस?”

“मी?” गुरव म्हणाले. “मी काय करूक नाय!”

“मगे ह्या काय?”

गुरव पुढे झाले, फांदीच्या ताज्या घावावर नाक नेलं, आणि मागे आले. “देव रागावलो,” ते म्हणाले.

मानकऱ्यांनी कोयती खाली केली. विचार करायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी तो तिथेच उभं राहून केला, नाकावर पंचा धरून. “देवान आताच उजवो दिल्यान मा?”

“दिल्यान.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“परवानगी देवन मगे रागावतलो कित्याक? देव काय तलाठी आसा?”

गडग्याबाहेर उभ्या असलेल्यांनी नाकं दाबली होती. एकटे माझे वडील नाक न दाबता उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, “येता मा गो?”

“येता, बाबा.”

“तसलोच?”

“तसलोच.”

मग मानकऱ्यांनी उरलेले घाव घातले, तुकडा गडग्यापर्यंत लांब हाताने धरून आणला आणि माझ्या पायाशी टाकला. “लाकूडच तसला,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. माफी मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मी इतके महिने तयारी केली होती, ती अशी गडग्याबाहेर बसून राहिली. मला कोणी काही विचारलंच नाही. म्हणून मी न विचारताच सांगितलं. सिलोन सांगितलं, जावा सांगितलं, आफ्रिका सांगितली. लोक नाकावर हात ठेवून ऐकत होते. जावातल्या नावाचा अर्थ सांगितल्यावर लग्नातला आचारी म्हणाला, “थंय लोकां स्पष्ट बोलतत वाटता.” कोरियातल्या झाडापुढे जेवण मांडतात हे ऐकून गुरव म्हणाले, “खंयच्या लाकडावर शिजवतत, ता इचारलंस?”

तो तुकडा मामाच्या घरी ठेवायला जागा मिळेना. मामीने तो परसातल्या विहिरीपलीकडे ठेवला, मग शेजारीण आली, मग तो कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर गेला, आणि परीक्षेपुरत्या त्याच्या ओल्या ढलप्या मी एका बाटलीत बूच लावून ठेवल्या. फळं आणि पानं मी वर्तमानपत्रांत दाबून रोज कागद बदलत वाळवली. सरांनी भिंगाखाली सगळं बघितलं आणि ह्या वेळी नाव लिहून दिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, “ह्या झाडाची ओळख रानात कशी पटवाल?” मी म्हटलं, “पानाच्या तळाशी तीन शिरा आणि एक बाजू वाकडी, सर. तेवढ्यावर खात्री नसेल तर बाटलीचं बूच काढा.” त्यांनी बूच काढलं, लगेच लावलं, आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

त्याच्या आधीच, शिमग्यात, मानकऱ्यांचा निरोप आमच्या घरी आला होता. देवळाच्या जेवणाला लाकूड तूच घाल, पण वास घेऊन घाल. वडिलांनी निरोप्याला सांगितलं, वास बायको घेईल. तेव्हापासून आमच्या खळ्यातून गाडी निघण्याआधी आई पदर कमरेला खोचून प्रत्येक ओंडक्याशी वाकत असे आणि वडील तिच्या मागे उभे राहून एकेक ओंडका दाखवत विचारत असत, “हो?” ती म्हणे, “बरो.” “हो?” “बरो आसा म्हटलंय मा.”

देवाच्या नारळाचं शकल त्या वर्षीपासून आमच्या घरी पुन्हा येऊ लागलं. माझ्या वडिलांनी राईला कधी कोयती लावली नव्हती, हे गावाने मान्य केलं. उन्हाळ्यात निकाल लागला आणि मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर.